दोघांच्या हयातीपर्यंत

“काका आधी जातील असं धरलं, तर पहिला पर्याय तुमच्या फायद्याचा आहे, काकू,” काचेपलीकडची मुलगी म्हणाली आणि संयोगितानं शहाण्या बाईसारखी मान डोलावली. मान डोलावून झाल्यावर मग ते वाक्य आत पोचलं; तव्याला हात लागला की हात आधी मागे येतो आणि आग नंतर होते, तसं. मुलीचा काही दोष नव्हता. शिवांजली नाव होतं तिचं, गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेलं, आणि बोलायला इतकी गोड की रागवायचं म्हटलं तरी जमलं नसतं. सांगलीतल्या त्या विमा कचेरीत सकाळपासून किती नवराबायको तिच्यापुढे येऊन बसले असतील, आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला तिला आधी पाठवावंच लागलं असेल. त्याशिवाय आकडा निघत नाही. शाळेत गणिताचे सर फळ्यावर ‘क्ष बरोबर पाच धरू’ म्हणायचे, तेव्हा क्षला काही वाटत नसे. इथं क्ष बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर भडंगाची पुडी, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, ओळख असो नसो, रामराम चाललेला.

प्रकार म्हटला तर साधा होता. संयोगिता मे महिन्यात एका हायस्कुलातून प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झाली. लागली होती अठ्ठ्याण्णव साली, विनाअनुदानित तुकडीवर. सरकारची मान्यता आली दोन हजार सातला. त्यामुळं जुनी पेन्शन हुकली आणि नव्या योजनेत पगारातून कापलेल्या पैशांतला काही भाग एका विमा कंपनीकडे ठेवून त्यातून दरमहा मिळेल ती पेन्शन, असं तिच्या वाट्याला आलं. फॉर्मवर दोन चौकटी होत्या. पहिली, ‘स्वतःच्या हयातीपर्यंत’: रक्कम जास्त, पण ती गेली की बंद. दुसरी, ‘दोघांच्या हयातीपर्यंत’: दरमहा साडेचारशे रुपये कमी, पण ती गेल्यावर तेवढीच रक्कम नवऱ्याला, लालासाहेबांना, ते असेपर्यंत. एकदा कागद वर गेला की बदल नाही. लालासाहेबांना स्वतःची लष्कराची पेन्शन होतीच, आणि त्यांच्या मागे तिला फॅमिली पेन्शन नियमानंच मिळणार होती; त्यात कुणी काही निवडायचं नव्हतं. प्रश्न होता तो फक्त तिच्या पेन्शनीचा. पुण्याहून राजवर्धननं फोनवर प्रश्न अर्ध्या मिनिटात निकालात काढला होता. “आई, बाबांना त्यांची आहे. ते तुझ्याहून सहा वर्षांनी मोठे, त्यात स्टेंट टाकलेला. तू कशाला कमी घेतेस? सिंगल घे.” मुलगा बोलला ते खोटं नव्हतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं, पंचाईत तीच होती.

तिनं पहिल्या चौकटीत खूण केली. शाळेतल्या नोंदवहीत सत्तावीस वर्षं ती जशी करत आली तशीच, बारीक, कोपऱ्यातून सुरू होणारी. परीक्षानळ्या अठ्ठेचाळीस, बरोबर. चंचुपात्रं बारा, एक तडकलेलं. तिला हातच्या खुणेचं नेहमीच समाधान वाटायचं. खूण झाली की त्या वस्तूचं काम मिटलं. या खुणेनंतर मात्र तिला बोटं लुगड्याला पुसावीशी वाटली, आणि आपण लुगडं नव्हे, ड्रेस घातलाय, हे मग लक्षात आलं. लुगडं सासूबाईंचं. हात लुगड्याला पुसायची सवयही सासूबाईंचीच, ती आपल्या हातात कधी आली कोण जाणे. “आता इथं काकांची सही,” शिवांजली म्हणाली. “तशी या पर्यायाला लागत नाही, पण आम्ही घेतो. म्हणजे पुढं घरात वाद नको.” संयोगिता कागद घेऊन बाहेर गेली. लालासाहेबांनी पुडी बाजूला ठेवली, बोटं रुमालाला पुसली, चष्मा शोधण्याच्या भानगडीत न पडता विचारलं, “कुठं करायची?” तिनं बोट ठेवलं. त्यांनी सही केली.

आता लालासाहेबांची सही म्हणजे नुसतं नाव नव्हे. आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. सव्वीस वर्षं फौजेत माणसाला असंच स्वतःची ओळख द्यायला शिकवतात. त्यांना बाहेर पडून वीस वर्षं झाली तरी वीजमंडळाच्या तक्रारवहीत, गॅसच्या पावतीवर, एवढंच काय, लग्नातल्या आहेराच्या पाकिटावरसुद्धा नंबर आणि हुद्दा असायचाच. आहेराचं पाकीट उघडणाऱ्याला हा माणूस आहेर देतोय की ड्युटीवर हजर होतोय ते कळत नसे. फॉर्मवरची चौकट टपालाच्या तिकिटाएवढी होती. नंबर त्या चौकटीत संपला, हुद्दा शेजारच्या रकान्यात गेला, आणि नायब सुभेदार लालासाहेब हे थेट वरच्या पर्यायांवरून चालत जाऊन तिनं केलेल्या खुणेवर उभे राहिले. शिवांजलीनं कागद पाहिला आणि तिला हसू आवरेना. “अगंबाई, काकांनी तर सगळ्यावरच ताबा घेतला! काकू, हे स्कॅनिंगला चालणार नाही. नवा भरा. आता जेवणाची सुट्टी झालीये, अडीचला आणून द्या. आज दिलात तर पुढच्या महिन्यापासून सुरू होईल.” आणि कोरा फॉर्म काचेखालून बाहेर आला.

कोरा कागद घेऊन संयोगिता बाकावर बसली. शेजारी नवरा पुन्हा भडंग खाऊ लागला. मघाशी तिला जे नुसतं टोचलं होतं ते आता नीट दिसू लागलं. या माणसानं न वाचता सही केली. ज्या कागदावर लिहिलं होतं की माझ्या मागे याला काही नको, त्याच कागदावर तिनं बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली. आणि त्याहून वाईट म्हणजे ती खूण करताना तिनं मनात काय धरलं होतं? की हा आधी जाणार. तिच्या आईनं आष्ट्याच्या घरात दरवर्षी वडाला दोरा गुंडाळताना मोठ्यानं मागितलं होतं की मला अहेव जाऊ दे. आणि तिला ते मिळालं होतं, हिरव्या चुड्यानिशी. संयोगितानं असं काही मोठ्यानं मागितलं नव्हतं, शाळेतल्या बाया हसल्या असत्या. पण दोरा तिनंही गुंडाळला होता, सदतीस वर्षं. वडापाशी एक मागायचं आणि विमा कचेरीत बरोबर उलटं धरून चालायचं, साडेचारशे रुपयांसाठी. तिला स्वतःची लाज वाटली. मग लाज वाटल्याचा राग आला, कारण साडेचारशे रुपये काही रस्त्यावर पडलेले नसतात, आणि तिनं तरी कुठं वाईट चिंतलं होतं? धरायला सांगितलं ते धरलं. दुसरी चौकट तरी काय म्हणत होती? की तू आधी जाशील. कुणाला तरी धाडल्याशिवाय हा कागद पुढं सरकत नव्हता.

तिला सासूबाईंची आठवण आली. राहीबाई असत्या तर या फॉर्मला काय म्हणाल्या असत्या ते तिला ऐकूच आलं. राहीबाईंना कुणी फॉर्म दिला नव्हता. पाटण तालुक्यातल्या एका डोंगरकपारीच्या गावात एकाहत्तरच्या डिसेंबरात त्यांना तार आली, आणि काही महिन्यांनी एक काळी ट्रंक. माणूस आला नाही. तिकडंच सीमेवर त्याचा दहनविधी झाला असं साहेबांच्या पत्रात होतं, पण पत्र वाचणारा मास्तर रडत रडत वाचत होता, त्यामुळं राहीबाईंना अर्धंच कळलं. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या, आणि लालासाहेब दहाचे. नवरा जिवंत होता तोवर दर महिन्याला त्याची मनीऑर्डर यायची. खाली निरोपाच्या जागेत दोन ओळी ठरलेल्या: मी खुशाल आहे, काळजी नसावी. पोस्टमन पैसे मोजायचा, ओळी वाचून दाखवायचा आणि ती चिठोरी फाडून द्यायचा. राहीबाईंनी त्या सगळ्या जपून ठेवल्या होत्या. तारेनंतर सहासात महिने काही आलं नाही, आणि मग एके दिवशी पोस्टमन पुन्हा दारात उभा. सरकारनं पेन्शन सुरू केली होती, तीही मनीऑर्डरनंच. राहीबाईंनी अंगठा उठवला, चिठोरी हातात घेतली आणि विचारलं, “काय लिवलंय?” पोस्टमन म्हणाला, काही नाही, कोरी आहे. त्यावर राहीबाई म्हणाल्या, “गडबडीत लिवायचं ऱ्हायलं आसंल.”

आणि त्यांनी कुंकू लावलं. ही गोष्ट राहीबाईंनीच संयोगिताला सांगितली होती, सांगलीच्या भाड्याच्या खोलीत लसूण सोलता सोलता, जसं काही शेजारणीची गंमत सांगतायत. पैसं धाडतोय म्हंजे माणूस हाय, इतकं सरळ होतं ते. मेलेला माणूस कुठं पैसे पाठवतो? वर्षभर त्यांनी त्या पैशांना हात लावला नाही. तांदळाच्या डब्यात दडवून ठेवले. धनी आला आणि म्हणाला माझा पगार कुठाय, तर दाखवायला हवा. स्वतः लोकांच्या बांधावर राबल्या, पोराला नाचणीची आंबील पाजली आणि डब्यात पैसे साठत राहिले. गावानं आधी टोमणे मारले, मग गप्प बसलं, मग एक दिवस तोच मास्तर आला, ओट्यावर बसला आणि त्यानं पेन्शन म्हणजे काय ते समजावलं. “मंग काय केलंत तुम्ही?” संयोगितानं विचारलं होतं. राहीबाईंनी लसणाची पाकळी पाटीत टाकली. “काय करतीस? कुंकू पुसलं, दुसऱ्यांदा. आन् पैसं काढून ह्याला बूट घेतलं, पाटणच्या बाजारात. त्या बुटावरनंच तर ह्यो भरतीला गेला म्हण की. पर पोरी, मेल्यावर बी दर म्हयन्याला घराकडं बघणारा नवरा किती जणींना मिळतो, सांग बरं?” त्या हसल्या होत्या. त्यांचे पुढचे दोन दात तेव्हाच गेलेले. पुढं पेन्शन बँकेत जमा होऊ लागली तरी त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘ह्यांची मनीऑर्डर’च होती.

दर नोव्हेंबरात त्यांना बँकेत न्यावं लागे, हयातीच्या दाखल्यासाठी. जिवंत आहे म्हणून अंगठा, आणि पुनर्विवाह केला नाही म्हणून दुसरा अंगठा. सत्तराव्या वर्षी एका नव्या अधिकाऱ्यानं, बिचाऱ्यानं नियम म्हणून, मान खाली घालूनच विचारलं, “आजी, पुनर्विवाह केला आहे का?” राहीबाईंनी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली. “न्हाई गा. बघितलाय का तुमी कुणी?” सगळी बँक हसली आणि अधिकाऱ्याचे कान लाल झाले. याच बाईनं तिला शाळेत धाडलं होतं. अठ्ठ्याण्णव साली शाळेचा पगार महिना सहाशे रुपये, तोही तीन तीन महिन्यांनी. शेजारपाजारचे म्हणायचे, सहाशेसाठी कशाला उंबरठा झिजवते ही. राहीबाईंनी स्वतःच्या मनीऑर्डरीतून तिला एसटीचा पास काढून दिला. “जा तू. पोराचं मी बघती. बाईमाणसाच्या नावाचं बी कायतरी यावं. माझं सगळं ह्यांच्या नावानं आलं, लय आलं, पर माझ्या नावाचं कायबी न्हाई.” म्हणजे आज या फॉर्मवर जी रक्कम छापून आली होती तिच्यात त्या कधी न पाहिलेल्या सासऱ्याच्या पेन्शनीचे पैसे होते. एका शिपायानं मेल्यावर सत्तावीस वर्षांनी सुनेचा पास काढला होता. संयोगिताला हे यापूर्वी कधी असं सलग सुचलं नव्हतं. तिनं मनातल्या मनात, बाकावर बसल्या बसल्या, त्या माणसाला नमस्कार केला.

“खा की,” लालासाहेबांनी पुडी पुढं केली. “काय झालं? त्या पोरीनं परत पाठवलं व्हय?”

“तुमची सही चौकटीत मावंना.”

“मग चौकट ल्हान हाय त्यांची.”

“आवं, पण वाचलं तरी का, कशावर सही केली ते?”

“वाचायचं काय त्यात? तू खूण केलीस म्हंजे इचार करूनच केली आसशील.”

“मी पहिल्या चौकटीत केली होती. मी गेले की बंद. तुम्हाला काही नाही.”

लालासाहेबांनी शेंगदाणा चावला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. “बरोबरच हाय की. मला हाय माझी. तुला चार पैसं जास्त मिळत्याली.” आणि मग, भडंगातला लसूण शोधता शोधता, बोलण्याच्या ओघात म्हणावं तसं ते म्हणाले, “आमच्यात ही खुणेची भानगड नव्हती. माझी तुला आपसूक मिळणार. फकस्त हुद्द्यापरमानं मिळणार. म्हणून तर ती दोन वर्सं काढली.”

“कुठली दोन वर्षं?” तिनं विचारलं, पण कुठली ते तिला माहीत होतं. तिच्या आयुष्यात ‘ती दोन वर्षं’ एकच होती. दोन हजार तीन ते पाच. चोवीस वर्षं भरली होती, हवालदार म्हणून ते घरी यायचे होते. तिनं दिवस मोजले होते, खोलीला रंग काढला होता. राहीबाई न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडून पडलेल्या, राजवर्धन आठवीतून नववीत, शाळेचा पगार थकलेला, आणि एका संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर त्यांनी एका वाक्यात सांगितलं की दोन वर्षं वाढवून घेतली आहेत. का, ते नाही. दोन वर्षं तिनं सासूला उचलून बसवलं, पोराचा अभ्यास घेतला, नळाला पाणी येईल तेव्हा उठली, आणि मनात एक गोष्ट पक्की केली की या माणसाला घराची ओढ नाही. पलटण हेच याचं घर. पुढं कधी भांडण झालं, आणि संसारात होतातच, की शेवटी ती तिथंच येऊन पोचायची. त्या दोन वर्षांचं बोलू नका, म्हणायची. ते बोलायचेच नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याला ती कबुली समजत आली होती, वीस वर्षं. त्या वीस वर्षांत तिनं त्यांना जेवायला वाढलं, दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसली, स्टेंट टाकताना देव पाण्यात ठेवले. पण एक कप्पा बंद होता तो होताच.

“चोवीस वर्सं भरून निघालो आस्तो तर हवालदार म्हणून निघालो आस्तो. मागं तुला हवालदाराची मिळाली आसती,” लालासाहेब समोरच्या गुलमोहराकडं बघत म्हणाले. “दोन वर्सं थांबलो, नायब सुभेदार झालो. आता मागं तुला त्या हुद्द्याची. आईला शिपायाची मिळायची. मी त्यात वाढलोय. शिपायाच्यात काय भागतंय आन् काय न्हाई, ते मला इचार.”

“मग सांगितलं का नाही?” तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. व्हरांड्यातल्या एकानं वळून पाहिलं. “वीस वर्षं! मी काय काय बोलले तुम्हाला त्याच्यावरनं.”

“काय सांगू? मी मेल्यावर तुला जास्त मिळावी म्हणून थांबतोय, आसं? घरात आई हुती. तिच्याम्होरं त्ये बोलायचं व्हय? तिनं दोनदा कुंकू पुसलेलं.” त्यांनी पुडीचा कागद नीट घडी घातला, आधी अर्धा, मग पाव. “आन् परत तू बोलायचीस तवा वाटायचं, बोलू दे. तरास काढलाच हुता तू. त्यो काय खोटा न्हवता.”

संयोगितानं त्यांच्या हातातून ती घडी काढून घेतली, उलगडली, तळाशी राहिलेला मूठभर भडंग तोंडात टाकला. तिखट होता, डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळं, असं म्हणायची सोय झाली. तिला वाटलं होतं आपल्याला दुःख होईल, वीस वर्षं फुकट रागवल्याचं. ते झालं नाही. झाला तो आनंद, अगदी उघडा, लहान मुलाला वाटतो तसा. वीस वर्षं बंद ठेवलेल्या कप्प्यात तिच्यासाठीच ठेवलेलं काहीतरी निघालं होतं. ती ज्या रात्री त्यांना मनातून शिव्या घालत सासूला कूस बदलायला लावत होती, तेव्हा कुठल्या तरी थंडगार तंबूत हा माणूस आपण मेल्यावर बायकोचं कसं भागेल याचा विचार करत बसला होता, आणि मेला नाही, घरी आला, आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. असा माणूस आपल्याला मिळाला. राहीबाईंनी त्याला वाढवला, त्या शिपायाच्या पेन्शनीतून बूट घालून भरतीला धाडला, आणि तो आपल्याला मिळाला. तिला एकदम तो पूर आठवला, एकोणीस सालचा. कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा लालासाहेबांनी फ्रिज सोडला, टीव्ही सोडला आणि आईची काळी ट्रंक डोक्यावर घेऊन जिना चढले. तरी तळातनं पाणी आत गेलंच होतं. नंतर गच्चीवर दोघांनी मनीऑर्डरीच्या चिठोऱ्या एकेक सुटी करून वाळत घातल्या, वर खडे ठेवून. शाई धुऊन गेली होती. कोणत्या चिठोऱ्या राहीबाईंच्या नवऱ्यानं जिवंतपणी पाठवलेल्या आणि कोणत्या सरकारनं नंतर, ते ओळखता येत नव्हतं. सगळ्या सारख्याच कोऱ्या. राहीबाई तेव्हा नव्हत्या, जाऊन तीन वर्षं झाली होती. असत्या तर म्हणाल्या असत्या, मी काय सांगत हुते?

अडीच वाजले. संयोगिता आत गेली. शिवांजली डबा खाऊन ताजीतवानी होऊन बसली होती. “काय ठरलं, काकू? पहिलाच ना? म्हणजे काका आधी—”

“काही धरू नकोस, बाळ,” संयोगिता म्हणाली. “कोण आधी, कोण मागनं, ते आमचं आम्ही बघू. दोघांचं लिही.”

“पण काकांना त्यांची पेन्शन आहे ना? महिन्याला साडेचारशे कमी मिळतील, आणि तुम्ही एकदा—”

“एकदा गेलं की बदलत नाही. माहीत आहे. म्हणून तर आज करते.” तिनं दुसऱ्या चौकटीत खूण केली. तिच्या बापजन्मात तिनं इतकी मोठी खूण केली नव्हती. चौकटीच्या चारी कोपऱ्यांना लागली. मग दारातून तिनं हाक मारली आणि लालासाहेब आत आले, शिवांजलीला रामराम घातला. “काका, फक्त सही हं. नंबर नको,” शिवांजली म्हणाली. “नंबराशिवाय?” लालासाहेबांनी संयोगिताकडं पाहिलं, अंगरख्याशिवाय चारचौघांत उभं केल्यासारखं. “तुम्ही कोण ते मला माहीत आहे,” ती म्हणाली, “नुसतं नाव करा.” त्यांनी खिशातून चष्मा काढला. या खेपेला, का कोण जाणे, त्यांनी वाचलं. वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत. दुसऱ्या चौकटीशी थांबले. मग एका बाजूला सरकून, अवघडून, टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेत त्यांनी फक्त लालासाहेब एवढंच लिहिलं, आणि ते मावलं.

दोघं स्कूटरपाशी आले. लालासाहेबांनी किल्ली लावली आणि काढली. “मला काय करायचं तुझं पैसं?” ते म्हणाले. “मनीऑर्डर समजा,” संयोगिता म्हणाली. त्यांनी किल्ली पुन्हा लावली. मग त्यांना एक अडचण सुचली, फौजी माणसाला सुचते तशी. “आन् बँकेचा मेसेज आला की वाचून कोण दाखवणार? आत्ता तूच दाखवतीस.” खरं होतं. त्यांच्या फोनवर काही वाजलं की फोन तिच्या हातात, ‘काय आलंय बघ गं’. चष्मा असला तरी ती बारीक अक्षरं त्यांना लागत नसत. संयोगितानं त्यांच्या खिशातून फोन काढून घेतला, रस्त्याकडेच्या सावलीत उभी राहिली आणि अक्षरांचा आकार वाढवत वाढवत शेवटच्या टोकाला नेला. मग तो त्यांच्या हातात दिला, आपला फोन काढला, एक ओळ लिहिली आणि पाठवली. लालासाहेबांच्या हातात फोन थरथरला. त्यांनी तो सवयीनं तिच्यापुढं धरला. तिनं हात मागे घेतले. “तुम्ही वाचा.” त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ आणला. अक्षरं इतकी मोठी झाली होती की एका वेळी दोनतीन शब्दच दिसत होते. पहिलीतल्या पोरासारखं त्यांनी मोठ्यानं वाचलं, “मी खुशाल आहे.” बोटानं वर सरकवलं. “काळजी नसावी.”

समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत ते थांबले. मग फोन वरच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं. “दिसतंय की,” ते म्हणाले, “हितंच उभी हायस. बस मागं.”